पोर्टल भरलं, वर्ग राहिला

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाचं गाव आहे. त्याच्या धनगरवाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००७ साली एक खोली, एक शिक्षक, चार इयत्ता आणि वीस-बावीस मुलं होती. त्या वर्षी या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे, सशाच्या कानांसारखे दोन अँटेना उभारलेले छोटे लॅपटॉप आले. एमआयटीच्या मीडिया लॅबमधले निकोलस निग्रोपाँटे जगभर ज्याची जाहिरात करत फिरत होते, तोच हा ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’. जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला एक, अशी २००५ साली जाहीर झालेली कल्पना. प्रत्यक्षात त्याची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास जाऊन बसली, पण यंत्र खरोखर हुशारीने बनवलेलं होतं. उन्हात धरलं तरी पडदा वाचता यायचा, वीज फार कमी लागायची आणि शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपशी ते आपापलं जोडलं जायचं. मुलं लॅपटॉप घरी नेत असत. चार इयत्ता एकाच खोलीत हाकणाऱ्या गुरुजींच्या दृष्टीने त्याचा उपयोग उघड होता: पहिलीला अक्षरं गिरवायला लावताना तिसरी-चौथी रिकामी बसत नसे.

खैराटचा हा प्रयोग सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी केंद्र सरकारने या लॅपटॉपला नकार दिला होता. तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद असल्याचं नियोजन आयोगाला कळवलं. आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, चमकदार साधनं नंतर, असा त्यांचा रोख होता. दिल्लीच्या बाबूंना नवं काही कळत नाही, अशी टीका त्यावर झाली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मात्र मोठी उडी मारली आणि साडेआठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या गणितात आणि भाषेत काहीच फरक पडलेला दिसला नाही. संगणक हाताळायला मुलं शिकली, पण वाचायला आणि हिशेब करायला होती तिथेच राहिली.

म्हणजे बॅनर्जी बरोबर होते का? अर्धे. खोल्या आणि शिक्षक आधी, हे खरंच. पण महाराष्ट्रात खोल्या बऱ्याच ठिकाणी झाल्या, शिक्षणहक्क कायदा आला, आणि त्याच कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत शिक्षक दोनच. वाड्या-पाड्यांवर पट साठच्या खूप खाली असतो. त्यामुळे चार किंवा पाच इयत्ता आणि दोन शिक्षक हीच आपल्या ग्रामीण शाळेची नेहमीची गत आहे. त्यातला एक मीटिंगला गेला की उरतो एक. बहुवर्ग अध्यापन हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण असेल. इथे तो रोजचा धंदा आहे. अशा शाळेला एका चालत्या यंत्राची जितकी गरज आहे तितकी शहरातल्या महागड्या शाळेलाही नाही. म्हणून तंत्रज्ञान हवं की नको, या वादात मला फारसा रस नाही. मी गेली काही वर्षं पाहतो आहे ते एवढंच, की शाळेत आलेल्या यंत्राची चाकरी कोण करतं आणि ते यंत्र कोणाची चाकरी करतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या देशाला एकदा नीट सापडलं होतं, तेही पन्नास वर्षांपूर्वी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून खेड्यांना थेट दूरदर्शन दाखवलं. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती: आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची दहा फुटी तबकडी शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात उभी राहायची. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. या प्रयोगाबद्दल लिहिताना सगळे उपग्रहाचं कौतुक करतात. मला त्यातलं सर्वात शहाणपणाचं काम वाटतं ते दुरुस्तीचं. संच बंद पडणार हे गृहीत धरून इस्रोने गावांचे गट पाडले, त्या-त्या भागात देखभालीची केंद्रं ठेवली, सुटे भाग आणि माणसं नेमली. दुरुस्ती हा मूळ आराखड्याचा भाग होता. नंतर कोणाला तरी आठवली म्हणून जोडलेली नव्हती.

महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती बालचित्रवाणी. पुण्यात १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना तिची शीर्षकधून अजून गुणगुणता येते. काही शाळांत लाकडी कपाटात, कुलपात टीव्ही असे. किल्ली मुख्याध्यापकांकडे. कार्यक्रमाच्या वेळी वीज असेल आणि मुख्याध्यापक हजर असतील तर कपाट उघडायचं. कपाटातल्या टीव्हीवर हसणं सोपं आहे. पण मराठीत, मराठी मुलांसाठी, अभ्यासक्रमाला धरून कार्यक्रम बनवणारी माणसं आणि स्टुडिओ ही त्या संस्थेची खरी कमाई होती. केंद्राचं अनुदान थांबलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि ३१ मे २०१७ रोजी बालचित्रवाणी बंद झाली.

आता सालं जुळवून पाहा. २०१५ च्या जूनमध्ये राज्याचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि डिजिटल शाळांची लाट आली. २०१७ च्या ५ सप्टेंबरला केंद्राने ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केलं. या दोन्हींच्या मध्ये, शाळाशाळांत पडदे लागत असतानाच, पडद्यावर काय दाखवायचं ते मराठीत बनवणारी सरकारी संस्था आपण मोडीत काढली. तीन वर्षांनी कोरोना आला. शाळा बंद झाल्या तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली आणि २० जुलै २०२० पासून ती सह्याद्री वाहिनीवर लागली. मालिका चांगली होती. घरात आणि आवारात जे सापडेल त्यातून शिकण्यावर तिचा भर होता. ती बनवायला कोणी तरी तयार होतं, हे आपलं नशीब.

डिजिटल शाळांची लाट मात्र नुसती सरकारी नव्हती, हेही सांगायला हवं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने कमी खर्चात, सौरऊर्जेच्या आधाराने डिजिटल वर्ग उभा केला आणि तो पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द त्याच काळात रूढ झाला. गावोगाव लोकवर्गणी निघाली. कोणी पाचशे दिले, कोणी पाच हजार, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्यांनी जास्त. यात्रेसाठी वर्गणी काढणाऱ्या गावांनी प्रोजेक्टरसाठी वर्गणी काढली. त्या दोन-तीन वर्षांत इंग्रजी माध्यमाकडे निघालेली काही मुलं झेडपीच्या शाळेत परत आली, असं ठिकठिकाणचे शिक्षक अभिमानाने सांगतात. त्या अभिमानाला मी नाक मुरडणार नाही. गावाने शाळेसाठी खिशात हात घातला, ही छोटी गोष्ट नव्हे.

अडचण पुढे सुरू झाली. वर्गणीतून वस्तू येते. वस्तूचा महिन्याचा खर्च वर्गणीतून येत नाही. प्रोजेक्टरचा दिवा गेला की नवा दिवा हजारोंच्या घरात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत उंदीर वायरी कुरतडतात, यूपीएसमध्ये पाल शिरून जळते, आणि टीव्ही चोरीला गेल्याच्या बातम्या तर स्थानिक पानांवर नेमाने येतात. या सगळ्याहून जाचक गोष्ट म्हणजे विजेचं बिल. शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशाला ‘सादिल’ म्हणतात. खडू, फिनेल, केरसुणी, कागद, दाखल्यांच्या छपाईपासून बिलापर्यंत सगळं त्यात बसवायचं, आणि ती रक्कम वेळेवर येईलच याचा भरवसा नाही. बिल थकलं की महावितरणचा माणूस येतो. गुरुजी आधी हात जोडतात, मग पदरचे भरतात, मग कंटाळतात. वीज कापली गेली की शाळेच्या फलकावरचा ‘डिजिटल शाळा’ हा मथळा मात्र तसाच राहतो, कारण तो रंगात लिहिलेला असतो.

माध्यमिक शाळांमधल्या संगणक कक्षांची गोष्ट याहून वाईट. केंद्राच्या आयसीटी योजनेतून राज्यात संगणक कक्ष झाले ते ‘बांधा, चालवा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने. कंपनीने संगणक बसवायचे, शिक्षक नेमायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. पाच वर्षं संपली, संगणक ताब्यात आले आणि संगणक शिकवणारा माणूस गेला. वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर राबलेले हे शिक्षक नंतर मुंबईत आझाद मैदानावर बसले. त्यांच्या मागे शाळेत कक्षाला कुलूप लागलं. सहा वर्षांचा जुना संगणक, त्यात विषाणू, छपाईयंत्रात शाई नाही. करार करणाऱ्याने सहाव्या वर्षाचा विचारच केला नव्हता.

आता दुसरा प्रश्न. यंत्र कोणाची चाकरी करतं?

वारणेचं उदाहरण शाळेचं नाही, पण त्यातून गाव यंत्राला कसं वळवतं ते दिसतं. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर वारणा सहकारी समूहाच्या परिसरातली सत्तरेक गावं संगणकाने जोडण्याची योजना आली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी दाखले असं सगळं गावातल्या संगणकावर मिळणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या मंडळींनी पाहिलं तर संगणक चालत होते, पण मुख्यत्वे एकाच कामासाठी: साखर कारखान्याला किती टन ऊस गेला, पैसे किती जमा झाले, खतं किती उचलली. त्यांनी काही गावांत संगणक काढून त्या जागी साध्या मोबाइलवरून एसएमएसची सोय केली. शेतकऱ्याला तेवढंच हवं होतं आणि ते स्वस्तात झालं. योजनाकारांच्या कागदावरचं शिक्षण वगैरे बाजूला पडलं, कारण त्यासाठी कोणी रोज तिथे बसत नव्हतं. उसाच्या टनेजसाठी कारखान्याची माणसं बसत होती.

शाळेत हे कसं घडतं, ते एखाद्या द्विशिक्षकी शाळेत साडेदहा ते पाच बसून पाहावं. परिपाठ झाला, हजेरी झाली. लगेच पोषण आहाराची ऑनलाइन नोंद: आज किती मुलं, तांदूळ किती, डाळ किती. खोलीत रेंज नाही म्हणून सर ओट्यावर, तिथून फाटकापाशी. तेवढ्यात आसपासच्या दहा-बारा शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप पडतो: ‘सर्वोच्च प्राधान्य. आज चार वाजेपर्यंत लिंक भरून स्क्रीनशॉट गटावर टाकावा.’ लिंक कशाची? कधी वृक्षारोपणाची, कधी प्रतिज्ञेची, कधी कुठल्या तरी सप्ताहाच्या फोटोची. युडायस प्लसवर खोल्या, नळ, शौचालयं, रॅम्प, संगणक. सरल पोर्टलवर विद्यार्थी. शालार्थवर पगार. निष्ठाच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ दीक्षावर पाहून प्रमाणपत्र काढायचं, तेही मुदतीत.

सगळ्यात चिवट काम आधारचं. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव एक, आधारवर दुसरं. कुठे वडिलांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला, कुठे आधारवर जन्मतारीख सरसकट १ जानेवारी. नाव जुळलं नाही तर विद्यार्थी ‘अवैध’. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत तो धरला जाणार नाही, आणि पट कमी भरला तर शिक्षकाचं पदच धोक्यात. मग गुरुजी त्या मुलाच्या आईला गाठतात. ती ऊसतोडीला गेलेली असते. तिला फोनवर सांगतात की तालुक्याच्या आधार केंद्रावर पोराला घेऊन जा. तिचा एक दिवसाचा रोज बुडतो. हे होईपर्यंत दुसरीतला तो पोरगा बेरजेत कुठे अडला आहे, हे पाहायला त्या गुरुजींपाशी वेळ उरलेला नसतो. फोन गुरुजींचा, डेटा पॅक गुरुजींचा, आणि सर्व्हर मोकळा सापडतो तो रात्री अकराला.

‘संगणक चालू स्थितीत आहे का’ हा रकाना भरायला शाळेतला संगणक चालू लागत नाही, मोबाइल पुरतो. मागच्या दहा वर्षांत ग्रामीण शाळेत जे तंत्रज्ञान अत्यंत नेमाने, एक दिवस न चुकता वापरलं गेलं ते हे, पोर्टल भरण्याचं. ते बंद पडलं तर वरून फोन येतो. वर्गातला टीव्ही बंद पडला तर कोणाचाच फोन येत नाही. माहिती गोळा करूच नये, असं मी म्हणत नाही. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लागायलाच हवा. पण तो शिकवणाऱ्या माणसाने शिकवायच्या वेळेत भरायचा, हे कोणी आणि कधी ठरवलं?

गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी केलेला एक अभ्यास इथे आठवतो. संगणकावरचं गणित शिक्षकाच्या तासाच्या जागी ठेवलं तेव्हा मुलं मागे पडली. तेच गणित शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून दिलं तेव्हा मुलं पुढे गेली, आणि त्यात कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. यंत्र तेच, धडे तेच. शिक्षकाचा तास खाल्ला की तोटा, शिक्षकाच्या तासात भर घातली की फायदा. आपण तर यंत्रासाठी शिक्षकाचा तास खातो, आणि ते यंत्र मुलासमोर ठेवलेलंही नसतं.

शिक्षकाशिवायही मुलं यंत्रावर शिकतात, असं सांगणारे सुगत मित्रा यांचं नाव या विषयात टाळता येत नाही. २६ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी दिल्लीच्या कालकाजीत, कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला संगणक बसवला. मुलं कोणी न शिकवता तो चालवायला शिकली आणि जगभर गाजावाजा झाला. असे संगणक पुढे खेड्यांतही बसले, आपल्या सिंधुदुर्गातही बसले. उत्तराखंडमधल्या अशा दोन जागांवर पायल अरोरा यांनी अभ्यास केला, तेव्हा ते प्रयोग केव्हाच बंद पडलेले होते. गाव त्यांना विसरलं होतं. भिंतीतलं भोक कोणाचंच नव्हतं, शाळेचं नाही आणि पंचायतीचंही नाही. मित्रांना २०१३ मध्ये दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला आणि त्यातून सात प्रयोगशाळा निघाल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. त्यातली एक आपल्या फलटणला, कमला निंबकर बालभवनात. ती जागा निवडली गेली यात नवल नाही. हे बालभवन चालवणारी, मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेली प्रगत शिक्षण संस्था मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसं शिकवावं यावर आधीच कितीतरी वर्षं काम करत होती. स्वतः वाचता येणाऱ्या, प्रश्न विचारायची सवय असलेल्या मुलांपुढे इंटरनेट आलं.

पाबळची तऱ्हा आणखी वेगळी. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. पन्नाशी उलटल्यावर, १९८३ मध्ये ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. गाव निवडतानाच त्यांनी दुष्काळी, कोणत्याही अर्थाने खास नसलेलं गाव निवडलं. इथे जमलं तर कुठेही जमेल, असा त्यांचा हिशेब. शाळेत नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग करत, विहिरीचं पाणी शोधत, कोंबड्या पाळत, माती तपासत, वायरिंग करत शिकली. शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी कामाची चार दालनं. हाच अभ्यासक्रम पुढे ‘आयबीटी’ म्हणून राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत गेला. विद्यार्थ्यांनी गावाला सेवा द्यायची आणि गावाने तिचे पैसे मोजायचे, ही त्यातली खरी मेख. पैसे मोजणारा माणूस काम नीट झालं नाही तर बोल लावतो, आणि परीक्षकापेक्षा तो बोल जास्त झोंबतो.

२००२ मध्ये एमआयटीची पहिली बाहेरची ‘फॅब लॅब’ याच पाबळला आली. संगणकावर आराखडा काढायचा आणि यंत्रावर लगेच वस्तू बनवायची, अशी ही कार्यशाळा. दुधाची तपासणी, डिझेल इंजिनाची तपासणी असे विषय तिथे हाताळले गेले. ते बोस्टनहून आलेले नव्हते, तालुक्याच्या बाजारातून आलेले होते. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. तो चालू राहण्याचं एक साधं कारण मला दिसतं: तिथे एखादं यंत्र बिघडलं तर ते उघडून दुरुस्त करणं हाच अभ्यासक्रम असतो. आपल्या इतर शाळांत टीव्हीच्या मागचं झाकण उघडायची मुलांना बंदी आणि शिक्षकांना भीती, कारण वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढलेली असते.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी वापरात आणलेला पुस्तकातला क्यूआर कोड पुढे बालभारतीने राज्यभर नेला आणि केंद्रानेही एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठी घेतला. कल्पना एकदम झेडपीच्या डोक्यातून आलेली. महागडा पडदा नको, पुस्तक तर सरकार फुकट देतंच, त्यावर एक छापील चौकोन. बापाच्या फोनने तो टिपला की कविता ऐकू येते.

पण त्यासाठी बापाचा फोन घरी पाहिजे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. पुढे स्वस्त डेटाने आणि टाळेबंदीने चित्र झपाट्याने बदललं. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या अहवालांनुसार शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी घरात स्मार्टफोन असलेली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२० मध्ये ६१.८ टक्के. आणि २०२३ ला १४ ते १८ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलामुलींच्या घरात फोन होता. आकडे वाचून बरं वाटतं. मग त्याच अहवालातली पुढची ओळ येते: फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. फोन रात्री आठला वडिलांसोबत घरी येतो. आधी वडिलांचे व्हिडिओ, मग दादाचा गेम. तोवर घरातली मुलगी भाकरी थापत असते. चार्जिंग उरलं तर तिची पाळी. आणि तिच्या हातात फोन फार वेळ दिसला की आजी विचारते, कोणाशी बोलतेस गं?

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. या चौदा ते अठरा वयातल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. फोन हातात आहे आणि त्यावर आलेला मजकूर वाचता येत नाही. आवाज आणि चित्र यांवर चालणाऱ्या ॲपांनी या मुलांची सोय आधीच केलेली आहे, म्हणून ही उणीव घरात कोणाला जाणवतही नाही.

टाळेबंदीच्या काळातला माझा सर्वात आवडता प्रयोग यामुळेच बिनपडद्याचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा पट्ट्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने २०२० मध्ये ‘बोलकी शाळा’ चालवली. फोन नाहीत, रेंज नाही. कार्यकर्ते ध्वनिवर्धक आणि त्यात भरलेले पाठ घेऊन पाड्यावर जायचे. मुलं अंतर ठेवून बसायची, कर्णा धडा म्हणायचा, कार्यकर्ता थांबवून समजवायचा. जत्रेत, लग्नात आणि प्रचारात वाजणारं हे यंत्र पाड्यावर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. बिघडलं तर दुरुस्त करणारा बाजाराच्या गावी बसलेला होता. माहितीचं तंत्रज्ञान म्हटलं की त्याचीही गणना करायला हवी.

ज्या शाळांत दहा वर्षांपूर्वीचा पडदा आजही चालतो, तिथे काही गोष्टी सारख्या आढळतात. इंटरनेटवर भिस्त नसते; पाठ पेन ड्राइव्हमध्ये भरलेले असतात. टीव्ही लावणं-बंद करणं चौथी-पाचवीच्या मुलांकडे असतं, त्यात मुलीही असतात. पडदा दिवसातून थोडाच वेळ लागतो, एका इयत्तेला गुंतवायला, म्हणजे सरांना दुसरीपाशी बसता येतं. विजेचं बिल ग्रामपंचायत आपल्या निधीतून भरते आणि तसा ठराव झालेला असतो. गावातला कोणी आयटीआय झालेला पोरगा शाळा व्यवस्थापन समितीत असतो, तो वायरी पाहतो. यातलं काहीही बातमीत येण्याजोगं नाही.

कंपन्यांचे सीएसआरचे लोक हल्ली टॅब आणि स्मार्ट टीव्ही घेऊन तालुक्यात फिरत असतात, पुढच्या वर्षी एआयवालेही येतील. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजावा, फोटो काढू द्यावा आणि लेखी विचारावं: पाच वर्षांची वीज, दुरुस्ती आणि बॅटरी यांची तरतूद कुठल्या पानावर आहे? चार टीव्ही देणार असाल तर दोनच द्या, उरलेल्या पैशांत केंद्रातल्या दहा-बारा शाळांची पोर्टलं भरायला एक बारावी झालेली मुलगी वर्षभर पगारावर ठेवा.